सबडोमेन डेलिगेट करताना झोन फाइल टूलने कशी बनवायची

समजा लॅब.एक्झाम्पल.कॉम वेगळ्या नेमसर्व्हरवर (डीएनएसची उत्तरं देणाऱ्या सर्व्हरवर) द्यायचंय, म्हणजेच डेलिगेट करायचंय, तर आधी चाइल्ड झोन (लॅबच्या रेकॉर्डची फाइल) उभा करा, पॅरेंटला, म्हणजे एक्झाम्पल.कॉमच्या झोनला, नंतर हात लावा, उलटं केलंत की लोकांना सर्व्हफेल (नाव सापडत नाही अशी एरर) दिसत बसतं.

झोन फाइल बनवायला डीएनएसकंट्रोल किंवा ऑक्टोडीएनएस, काहीही वापरा, पण एकदा टूल घेतलं की जनरेट झालेली फाइल हाताने एडिट करायची नाही, पुढच्या रनला सगळं पुसलं जातं (मी केलंय हे, दोनदा). चाइल्डमध्ये एसओए (झोनची मूळ माहिती देणारा रेकॉर्ड) आणि किमान दोन एनएस (नेमसर्व्हर सांगणारे रेकॉर्ड), पॅरेंटमध्ये तेच दोन एनएस, आणि नेमसर्व्हरचं नाव सबडोमेनच्या आतलंच असेल, म्हणजे एनएस१.लॅब वगैरे, तर पॅरेंटमध्ये त्याचा ए रेकॉर्डही (आयपी पत्ता) लागतो, त्यालाच ग्लू म्हणतात, नाहीतर रिझॉल्व्हर (लोकांसाठी नाव शोधणारा सर्व्हर) पत्ता शोधत गोल गोल फिरतो.

सगळ्यात छळणारी चूक म्हणजे पूर्ण नावाच्या शेवटचा डॉट. तो विसरलात की एनएस१.लॅब.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम असलं काहीतरी तयार होतं आणि फाइलमध्ये बघून पटकन कळतही नाही, म्हणून नेमड-चेकझोन (झोन फाइल तपासणारी कमांड) चालवाच. एसओएमधला सिरीयल (झोनचा आवृत्ती क्रमांक) टूल वाढवतंय ना तेही बघा, नाहीतर सेकंडरी (झोनची प्रत ठेवणारा सर्व्हर) जुनीच फाइल धरून बसतो.

पॅरेंटमध्ये बदल करायच्या आधी टीटीएल (उत्तर किती सेकंद कॅशमध्ये राहतं तो आकडा) 300 वर आणून ठेवा. बदल झाला की पॅरेंटच्या सर्व्हरला डिग कमांडने नोरिकर्स (स्वतःकडे आहे तेवढंच सांग, पुढे शोधू नको) लावून विचारा, एनएस ऑथॉरिटी सेक्शनमध्ये दिसले पाहिजेत, आणि चाइल्डला विचारलं की एए फ्लॅग (हे उत्तर अधिकृत सर्व्हरचं आहे अशी खूण) यायला हवा. डीएनएसएसईसी (डीएनएस उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर पॅरेंटमधला डीएस रेकॉर्ड (चाइल्डच्या किल्लीची खूण) सगळ्यात शेवटी टाका.