घरचा फोन इंटरनेट अडॅप्टरवर नेण्याआधी

अमेरिकेत घरची जुनी लँडलाइन बंद करून इंटरनेट अडॅप्टर (साधा फोन इंटरनेटवर चालवणारी डबी) लावणार असाल, तर पहिलं काम आणीबाणीच्या ९११ नंबरसाठी पत्ता नोंदवणं. अडॅप्टर कुठला घ्यायचा ते नंतर. जुन्या लाइनला पत्ता आपोआप असायचा, कारण तार त्या घरातच यायची. अडॅप्टर मात्र कुठल्याही राउटरला जोडा, डायल टोन येतो, आणि घात तिथेच होतो. सगळं चालतंय म्हटल्यावर पत्ता कुणाला आठवत नाही. मागच्या वेळी घर बदललं तेव्हा माझंही नेमकं हेच राहिलं. २००५ पासून एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या) नियमाने इंटरनेट फोनच्या कंपन्यांना ग्राहकाचा पत्ता नोंदवून घ्यावा लागतो, पण घर बदलल्याचं कळवायचं आपणच. बिलाचा पत्ता वेगळा, ९११ चा वेगळा. बिलाचा बदलला म्हणजे झालं, असं अजिबात समजू नका. अपार्टमेंटचा नंबरही घाला. घरी आई-बाबा राहायला येणार असतील तर हे आजच करा. घाबरलेल्या माणसाला इंग्रजीत पत्ता सांगता येईलच असं नाही, आणि ९११ वरच्या माणसाला दिसणार तो नोंदवलेलाच पत्ता.

आता आवाज. डाउनलोडचा वेग बघत बसू नका. जी.७११ कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा करायची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे काहीच नाही. आवाज तुटतो तो बहुतेकदा अपलोड तुंबल्यामुळे. केबल इंटरनेटचा अपलोड मुळातच तोकडा. संध्याकाळी कुणाच्या मोबाइलमधले फोटो क्लाउडवर चढायला लागले की आवाजाची पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, मोडेमच्या रांगेत अडकतात. फोटो चढत असतानाच पिंग, म्हणजे डेटाला जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजा. एरवी २० मिलिसेकंद असलेला पिंग २०० वर गेला, तर दोष अडॅप्टरचा नाही. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग तुंबू न देणारी सोय) असेल तर ते, नाहीतर क्यूओएस (आवाजाला आधी वाट देणारी सोय) चालू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची शिफारस अशी, की एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. न्यू जर्सीहून पुण्याला बोलताना त्यातले शंभरेक अंतरातच जातात. घरच्या राउटरने आणखी खाल्ले की दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम गप्प होतात. अंतर आपल्या हातात नाही, राउटर आहे. कोडेक जी.७२९ वर (आवाज जास्त दाबणाऱ्या पद्धतीवर) ठेवू नका, बँडविड्थ वाचवायच्या नादात आवाज पिचतो. अडॅप्टर केबलनेच जोडा, वायफायवर नको.

राउटरमधलं सिप एएलजी (इंटरनेट कॉलच्या पाकिटांत फेरफार करणारी सोय) बंद करा. ते मदतीसाठी म्हणून दिलेलं असतं, पण पाकिटांतले पत्ते बदलताना बरेचदा घोळ घालतं, मग आपल्याला समोरचा ऐकू येतो आणि त्याला आपण नाही. आपण लावलेले कॉल लागतात पण बाहेरून येत नाहीत, असं झालं तर अडॅप्टरमध्ये कीप-अलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारी सोय) चालू आहे का बघा. राउटर थोड्या वेळाने अडॅप्टरची वाट विसरतो, म्हणून दर वीस-तीस सेकंदांनी त्याला आठवण करून द्यावी लागते.

जुना नंबर ठेवायचा असेल तर जुनी सेवा आधी बंद करू नका. पुन्हा सांगतो, नंबर नव्या कंपनीकडे पोहोचेपर्यंत काहीही बंद करू नका. नंबर हलवायला ताजं बिल, खाते क्रमांक, पिन लागतात, आणि नाव बिलावर आहे तसंच्या तसं. त्याच लाइनवर डीएसएल (फोनच्या तारेवरचं इंटरनेट) असेल तर नंबर गेला की इंटरनेटही जाऊ शकतं. दुसऱ्या इंटरनेटची सोय आधी करा. आणि नंबर पोर्ट झाला, म्हणजे नव्या कंपनीकडे आला, की ९११ चा पत्ता परत उघडून बघा. एकदा टाकलाय म्हणून सोडू नका.

घरभरच्या जॅकना अडॅप्टर जोडायचा असेल तर बाहेरच्या भिंतीवरच्या करड्या पेटीत जुन्या कंपनीची तार आधी सोडवा. तिच्यावर रिंगच्या वेळी ९० व्होल्टच्या आसपास एसी येतो. अडॅप्टर जळेल.

वीज. जुन्या फोनला एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट मिळायचे, याला काही नाही. यूपीएसवर मोडेम, राउटर, अडॅप्टर तिन्ही हवेत. कॉर्डलेसचा बेसही, नाहीतर एक साधा तारेचा फोन ठेवा. इंटरनेट गेलं तर कॉल मोबाइलवर वळवायची सोय खात्यात असते, ती लावा.

फॅक्सला टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) लागतं, तरी भरवसा नाही. घरफोडीचा अलार्म त्या लाइनवर असेल तर अलार्म कंपनीला आधी विचारा.

सगळं लागल्यावर ९३३ लावा. बऱ्याच कंपन्यांत तिथे नोंदवलेला पत्ता मशीन वाचून दाखवतं. शेवटपर्यंत ऐका, घर क्रमांकासकट. तुमच्या कंपनीत ९३३ चालत नसेल तर खात्यात जाऊन बघा. अडॅप्टर दुसऱ्या घरी नेलात की त्याच दिवशी पत्ता बदला आणि हे परत करा.