प्रकाश-तलवारीचं टोक अंधुक दिसतंय?

नळीत एलईडीची रांग लावून घरी बनवलेली तलवार मुठीजवळ झगझगीत आणि टोकाला मिणमिणती झाली की बहुतेक जण बॅटरीला दोष देतात. बऱ्याचदा चूक वायरिंगची असते. बारीक वायरीतून करंट जाताना व्होल्टेज थोडं थोडं पडत जातं, आणि शेवटच्या एलईडीला सगळ्यांत कमी मिळतं. उपाय सोपा आहे: बॅटरीचा प्लस मुठीकडून जोडा, पण मायनसची वायर टोकापर्यंत नेऊन तिथून जोडा. मग प्रत्येक एलईडीच्या वाट्याला वायरीची जवळपास सारखीच लांबी येते. वायर थोडी जाडच घ्या.

निळ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. तीन पेन्सिल सेलचे ४.५ व्होल्ट होतात, उरलेले १.३ व्होल्ट एका एलईडीच्या २० मिलिअँपिअर करंटने भागले की ६५ ओहम येतात, म्हणून करंट आवरायला ६८ ओहमचा रेझिस्टर. तो प्रत्येक एलईडीला वेगळा लावा. सगळ्यांना मिळून एकच लावायचा मोह टाळा, कारण एलईडी तंतोतंत सारखे नसतात. एखादा जास्त करंट ओढतो आणि आधी जातो. लाल एलईडीला २ व्होल्टच पुरतात, तिथे १३० ओहमच्या आसपासचा हवा.

तीस एलईडी म्हणजे ६०० मिलिअँपिअर. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी इथे टिकत नाही.

नळी पॉलीकार्बोनेटची घ्या. मुलं तलवारी एकमेकांवर आपटणारच, आणि ॲक्रिलिक तडकून धारदार तुकडे उडतात. आत बटर पेपरची सुरळी सरकवली की ठिपके दिसत नाहीत, प्रकाश सलग पसरतो.