तेलाने घट्ट बसलेला धारेचा दगड लाकडी पेटीतून कसा काढावा

सुतारकामाच्या जुन्या हत्यारांबरोबर अनेकदा एक काळपट लाकडी पेटी मिळते, जिच्या खोबणीत ऑइलस्टोन, म्हणजे तेल टाकून हत्यारांना धार लावण्याचा दगड, इतका घट्ट बसलेला असतो की लाकूड कोठे संपते आणि दगड कोठे सुरू होतो हेच कळत नाही. सोलापुरात भंगारवाल्यांकडे अशा पेट्या अजूनही दिसतात. दगड सरसाने चिकटवलेला असेल असे पाहणाऱ्याला वाटते, पण बहुतेक वेळा त्याला धरून ठेवणारे असते ते केवळ वाळलेले तेल. आपल्या भागात करडई मुबलक आणि करडईचे तेल हवेत हळूहळू घट्ट होणारे असल्याने, घरातले गोडे तेल वापरलेल्या दगडावर वर्षानुवर्षांत लोखंडाचा कीस आणि तेल मिळून वार्निशासारखा थर तयार होतो.

दगड पेचकसाने उचकटण्याचा मोह प्रथम आवरावा. माझा एक चांगला दगड मी असाच मधोमध मोडला. ठिसूळ दगडाला एका टोकाशी जोर लावला की तो वाकत नाही, थेट तुटतो. पेटी पाण्यातही भिजवू नये, कारण पाण्याने लाकूड फुगते आणि खोबण दगडाला आणखी आवळते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पहिला उपाय फुकटचा आहे. पेटी दुपारी पत्र्यावर दीड-दोन तास उन्हात ठेवावी, म्हणजे आतले तेल मऊ पडते. मग ती जाड गोणपाटावर, तळहाताने दगडाला आधार देत, उलटी धरावी आणि तळाच्या लाकडावर मोगरीने हलके, सगळीकडे सारखे ठोके द्यावेत. काही पेट्यांच्या तळाला लहान भोक असते. त्यातून लाकडी खुंटीने ढकलता येते. तापलेल्या दगडावर गार पाणी मात्र कधीही ओतू नये, त्याला तडा जाऊ शकतो.

एवढ्यानेही सुटला नाही, तर पेटी पूर्ण थंड झाल्यावर दगडाच्या चारही कडांच्या फटीत रॉकेल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन थेंबाथेंबाने सोडून रात्रभर झाकून ठेवावे आणि सकाळी पुन्हा ठोकून पाहावे. गरज पडल्यास तीन-चार रात्री हेच करावे. हे काम सावलीत, मोकळ्या हवेत आणि चुलीपासून दूरच करावे. या द्रवांची वाफ पेट घेण्याइतकी सुटायला 35 ते 40 अंश सेल्सिअस तापमान पुरते आणि मे महिन्यात तेवढे तापमान येथे सावलीतही असते. फटीत पिवळसर, काचेसारखा कडक पदार्थ दिसला तर तो चपडा (पॉलिशसाठी वापरतात ती लाख) असण्याची शक्यता धरून रॉकेलऐवजी पॉलिशवाल्यांचे स्पिरिट वापरावे.

बाहेर निघालेला दगड झाकणाच्या डब्यात रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून ताठ ब्रशने घासावा. निघणारा काळा चिखल पाहून दगड झिजतो आहे असे वाटते, पण तो मुख्यतः जुन्या पटाशांचा आणि रंध्याच्या पात्यांचा कीस असतो. नंतर कोमट पाणी व कपडे धुण्याच्या पावडरीने धुऊन सावलीत वाळवावा. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक कण असलेले जोडदगड उकळू नयेत, त्यांचा सांधा सुटतो.

आता पोलादी पट्टी दगडावर उभी धरून उजेडाकडे पाहावे. मधोमध उजेड दिसला तर तेथे खळगा पडला आहे. जाड काचेवर कार्बोरंडम या कठीण घासद्रव्याची जाड पूड आणि पाणी घेऊन, टोके अधूनमधून उलटवत, दगड आठच्या आकड्यासारखा फिरवावा. पृष्ठभागावर आधी पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारून ठेवल्या, तर त्या सर्व पुसल्या जाईपर्यंत काम शिल्लक आहे हे आपोआप कळते.

पेटी रॉकेलच्या फडक्याने पुसून, खोबणीतला गाळ बोथट पटाशीने खरवडून काढावा. बाहेरून पॉलिश पेपर मारण्याची घाई करू नये. माझ्या एका पेटीच्या झाकणावर तापवलेल्या खिळ्याने कोरलेली दोन अक्षरे आहेत, ती मी तशीच ठेवली आहेत. अळशीच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि ते फडके चुरगाळून कोपऱ्यात न टाकता उघड्यावर पसरून वाळवावे, कारण गोळा केलेले फडके आपोआप तापून पेटू शकते. दगड परत बसवताना सरस लावू नये, कडेला मऊ लाकडाच्या दोन पातळ पाचरी पुरतात, आणि यापुढे धार लावताना शिलाई मशीनचे तेल वापरावे.