प्रिंटर खाली, लॅपटॉप वर

इंदिरानगरच्या आमच्या घरात दोन राउटर. खालचा इंटरनेटवाल्यांनी दिलेला, १९२.१६८.१ ने सुरू होणारे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे उपकरणांचे क्रमांक) वाटणारा, वरच्या मजल्यावर त्यालाच जोडलेला माझा, १९२.१६८.० वाला. प्रिंटर खालच्यावर. वरून शोधलं की ‘प्रिंटर सापडला नाही’, आणि बाबा सातबाऱ्याच्या प्रिंटसाठी जिन्यात उभे!

प्रिंटर ‘मी इथे आहे’ ही हाक मल्टिकास्टने, म्हणजे नेटवर्कवर एकदम अनेकांना, देतो, पोर्ट (संदेशांसाठीचं क्रमांकाचं दार) ५३५३ वर. ती राउटर ओलांडत नाही. थेट पत्त्यावर पाठवलेलं मात्र वरून खाली जातं. म्हणून खालच्या राउटरच्या डीएचसीपीत (पत्ते वाटणाऱ्या सोयीत) प्रिंटरला १९२.१६८.१.५० कायमचा बांधून दिला आणि लॅपटॉपवर आयपी पत्त्याने प्रिंटर जोडला, पोर्ट ९१००. पान लगेच बाहेर.

प्रिंटर वरच्या राउटरवर नेलात तर खालच्यांसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आत प्रिंटरकडे वळवणारी सेटिंग) करत बसावं लागेल. त्या फंदात पडू नका.