पोरीला रंगावरून चिडवतात, घरच्यांनी काय करायचं

माझी भाची आठवीला, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फोटो काढू म्हटलं की मागं सरकायची, एकदा बघितलं तर मानेवर पावडरीची पांढरी रेघ. वर्गात तिला डांबर म्हणत होते, आम्हाला कळायलाच चार महिने गेले.

"लक्ष नको देऊ" असं म्हणू नका, त्यानं पोर बोलायचंच बंद करते. गप्प बसून ऐका, कोण कधी काय म्हणालं ते तारखेसकट वहीत लिहा, ग्रुपवर काही आलं असेल तर डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट घ्या आणि मगच वर्गशिक्षकांना भेटा, त्या पोरांना रस्त्यात गाठून दम देऊ नका, त्याचा राग परत हिच्यावरच निघतो.

आणि घरातलं आधी थांबवा हो! "उन्हात जाऊ नको, काळी पडशील" हे सोलापुरात राहून आपणच म्हणतो. फेअर अँड लव्हलीनं २०२० ला नावातलं फेअर काढलं, आपण पण काढू की. कुणी सांगितलेली गोरं करायची क्रीम मेडिकलमधून आणू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर कातडी पातळ होते.

जेवण तुटलं, शाळा नको म्हणाली तर थांबू नका, मुलांच्या मदतीची हेल्पलाइन १०९८ किंवा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ लावा, दोन्ही फुकट, रात्री पण चालू असतात.