सोनिक लॉगवरून गॅस शेलचा दाब काढताय? या चुका टाळा

डीटी (सोनिक लॉगमध्ये ध्वनीला एक फूट खडक ओलांडायला लागणारा वेळ) वाढला म्हणजे पोअर प्रेशर (खडकाच्या छिद्रांतला दाब) वाढलं, एवढं एकच वाक्य पाठ करून लोक लुइझियाना-टेक्सासच्या हेन्सव्हिल शेलचे लॉग उघडतात. गॅस शेलमध्ये, म्हणजे वायू धरून ठेवणाऱ्या बारीक कणांच्या घट्ट खडकात, डीटी वाढायला दाब, केरोजेन (खडकातलं सेंद्रिय द्रव्य), वायू आणि खराब बोअरहोल (विहिरीची ढासळलेली भिंत) यांपैकी काहीही पुरतं. बहुतेक वेळा सगळंच थोडंथोडं असतं. त्यातला दाबाचा वाटा वेगळा न काढता आलेला आकडा मी विचारातच घेत नाही.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे केरोजेनमुळे आलेला मंदपणा दाबाच्या नावावर टाकणं. केरोजेन हलकं आणि मऊ, त्यामुळे ते भरपूर असेल तिथे ध्वनी हळू जातो. सोनिक आणि रेझिस्टिव्हिटी (विद्युतरोध) लॉग एकमेकांवर ठेवून टीओसी (खडकातला एकूण सेंद्रिय कार्बन) काढण्याची पासी व सहकाऱ्यांची १९९० ची पद्धत याच गुणावर उभी आहे. तरीही सकाळी ज्या डीटीवरून टीओसी काढला, तोच डीटी दुपारी जसाच्या तसा ईटनच्या पोअर प्रेशर काढायच्या सूत्रात घालणारी माणसं मी सतत पाहतो.

फरक केवढा पडतो ते आकड्यांत बघा. समजा खोली १२,००० फूट, वरच्या खडकांचा भार १२,६०० पीएसआय, हायड्रोस्टॅटिक दाब (नुसत्या पाण्याच्या स्तंभाचा) ५,५८० पीएसआय. त्या खोलीला नॉर्मल ट्रेंडचा (दाब साधा असता तर दिसला असता तो) डीटी ६२ आणि मोजलेला ८२ मायक्रोसेकंद प्रति फूट. घातांक ३ धरून ईटन लावलं की सुमारे ९,५६५ पीएसआय येतात. त्या ८२ मधले ८ केरोजेनचे असतील तर उत्तर ८,४७० च्या आसपास. म्हणजे मड वेटमध्ये (विहिरीत दाब रोखायला भरलेल्या मडच्या घनतेत) १५.३ आणि १३.६ पीपीजी (पाउंड प्रति गॅलन) इतकं अंतर.

आता उलट दिशेची चूक. ईटनचं १९७५ चं सूत्र मुळात अशा शेलसाठी आहे, जिथे पाणी बाहेर न पडल्यामुळे खडक नीट दबलाच नाही. गॅस शेलमध्ये खडक आधी दबतो, मग केरोजेनपासून वायू तयार होतो आणि दाब चढतो. छिद्रं जवळपास तेवढीच राहतात. वेग घसरतो, पण दबण्याच्या मूळ वाटेने मागे जात नाही. म्हणून घातांक ३ दाब कमी दाखवतो. बॉवर्सने १९९५ मध्ये हे अनलोडिंग (आतला दाब चढून खडकाच्या सांगाड्यावरचा भार उतरणं) वेगळं मांडलं, पण ते वाचायला वेळ कोणाकडे नसतो.

या दोन चुका एकमेकींना झाकतात. एका कंपनीच्या विहिरीत नेमकं तेच झालं. केरोजेनची दुरुस्ती नाही, घातांक ३, आणि उत्तर मोजलेल्या दाबाशी छान जुळलं. लगेच त्याचं टेम्प्लेट झालं. शेजारच्या विहिरीत टीओसी कमी होता, दाब मात्र तेवढाच. डीटी कमी, म्हणून अंदाजही कमी, म्हणून मड हलकं. शेल इतकं घट्ट, की मड हलकं असूनही ते बराच वेळ काही बोललं नाही, आणि सगळ्यांना वाटलं अंदाज बरोबर आहे. मग फ्रॅक्चर लागलं, किक आली (वायू विहिरीत घुसला), विहीर बंद करून मड जड करावं लागलं. किक आली नाही म्हणजे दाब कमी, हा तर्क नॅनोडार्सी खडकात, म्हणजे ज्यातून वायू जवळजवळ वाहतच नाही अशा खडकात, चालत नाही. हे किती वेळा सांगायचं!

माझी सवय अशी: दाबाचा आकडा काढण्याआधी वेग आणि घनतेचा क्रॉसप्लॉट करतो, बिंदूंना टीओसीचे रंग देतो. एकाच रंगात वेग पडला आणि घनता हलली नाही, तर अनलोडिंगचा संशय घेतो. वेग आणि घनता टीओसीसोबत खाली येत असतील तर केरोजेन. सॉफ्टवेअरमधलं ‘ऑटो ट्रेंड’ बटण मी दाबत नाही. नॉर्मल ट्रेंडचे बिंदू वरच्या, केरोजेन नसलेल्या शेलमधून हाताने निवडतो. चुनखडीयुक्त थर त्यात येऊ देत नाही.

आडव्या विहिरीचा डीटी उभ्या विहिरीच्या ट्रेंडवर ठेवू नका. थरांच्या समांतर ध्वनी जास्त वेगाने जातो, त्यामुळे दाब फुकटचा कमी दिसतो.

कॅलिपर (विहिरीचा व्यास मोजणारा लॉग) फुगलेला असेल तिथे आधी वेव्हफॉर्म (सोनिकची मूळ ध्वनिलहर) बघा. सायकल स्किपला (उपकरणाने पहिली लहर चुकवून पुढची पकडल्याने उगाच वाढलेल्या डीटीला) प्रेशर रॅम्प (दाबाची खरी चढण) म्हणू नका. केसिंगमध्ये (विहिरीतल्या पोलादी नळीत) डीटी ५७ येतो का, तेही तपासा.

मार्सेलससारखं शेल पूर्वी आणखी खोल गाडलं गेलं होतं. आजच्या खोलीचा ट्रेंड तिथे फसवतो.

शेवटी कॅलिब्रेशन. डीएफआयटी (थोडं द्रव दाबून खडकात छोटी भेग पाडायची आणि दाब उतरताना मोजायचा, ती चाचणी) करून क्लोजर प्रेशर (ती भेग मिटते तेव्हाचा दाब) उचलायचं आणि त्यालाच पोअर प्रेशर म्हणायचं, हा घाईचा प्रकार बंद करा. क्लोजर म्हणजे किमान ताण, आणि पोअर प्रेशर त्याच्या खाली असतं. ते हवं असेल तर क्लोजरनंतरचा दाबाचा उतार पूर्ण दिसेपर्यंत गेज (दाबमापक) चालू ठेवावा लागतो. अशा घट्ट शेलमध्ये त्याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. रिगवाले घाई करतील, तरी गेज काढू देऊ नका.