कुंडीतली उष्ण कटिबंधीय फुलझाडं: माती भरड हवी, खत आकडे वाचून घ्यावं

बागेतली माती थेट कुंडीत भरू नये. काही महिन्यांत ती दबते, पाणी वर साचतं आणि मुळं गुदमरतात. जमिनीत खालचे थर पाणी ओढून घेतात. कुंडीत मध्ये तळ येतो, त्यामुळे तळालगतचे काही सेंटिमीटर कायम गच्च ओले राहतात. तळाला खडी घालून हे सुटत नाही. ओला थर खडीच्या वर जाऊन बसतो आणि मुळांची हवेशीर जागा आणखी कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे, भरडपणा हवा तो सगळ्या मिश्रणात.

जास्वंद, मँडेविला (कर्ण्यासारख्या फुलांचा वेल) अशा झाडांसाठी मापाने (वजनाने नव्हे) ४ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ३ भाग परलाइट (भाजून फुलवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) किंवा प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड), २ भाग कुजवलेल्या सालीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि १ भाग चाळलेलं गांडूळखत घ्यावं. परलाइट नसेल तर २ ते ५ मिलिमीटरची धुतलेली रेती चालते, फक्त कुंडी जड होते. बारीक वाळू नको, ती उरलेल्या फटी बुजवते. गांडूळखत चांगलं म्हणून ते तिप्पट घालण्याचा मोहही टाळावा: मिश्रण चिकट होतं, क्षार वाढतात.

कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं पाणी टाकून द्यावं. काथ्याच्या भुशात सोडियम आणि पालाश (पोटॅशियम) यांचे क्षार बरेच असतात. दोन-तीनदा धुऊन, पिळून घ्यावं. भुसा कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून शेवटच्या पाण्यात लिटरला एक-दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून रात्रभर ठेवावं आणि पुन्हा एकदा धुवावं. हे न केल्यास नवी पालवी वेडीवाकडी येऊ शकते आणि दोष मात्र किडीवर जातो.

मिश्रणात हवा किती हे मोजता येतं. लिटरभराच्या उभ्या डब्याला तळाशी भोकं पाडून चिकटपट्टी लावा. त्यात ओलसर मिश्रण हलकेच भरा, पृष्ठभाग चकाकेपर्यंत पाणी सावकाश ओता, मग पट्टी काढून दहा मिनिटं गळणारं पाणी जमवा. १५० ते २५० मिलिलिटर आलं तर मिश्रण ठीक. १०० पेक्षा कमी आलं तर भरड भाग वाढवा. उथळ डबा वापरू नका, त्यात पाणी कमी गळतं आणि आकडा फसवतो.

आता झाडाझाडांतला फरक. अडेनियमला (फुगीर बुंध्याचं ‘वाळवंटी गुलाब’) निम्म्याहून जास्त भाग खडे, प्युमिस वा जाड रेतीचा हवा, नाहीतर गड्डा मऊ पडतो. बोगनवेल लहान कुंडीत, मुळं दाटल्यावर आणि पाण्याचा ताण बसल्यावर जास्त रंगते. अँथुरियम आणि झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडना माती नकोच: सालीचे तुकडे, कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे. इक्झोरा आणि अनंत यांना आम्ल मिश्रण लागतं, सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) ५ ते ६ च्या दरम्यान. जड, चुनखडीच्या पाण्याने तो महिन्यागणिक चढतो. मग नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण दिसते. अशा वेळी चिलेट केलेलं लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत धरलेलं) घेताना प्रकार पाहावा. ईडीटीए हा प्रकार सामू ६.५ च्या पुढे फारसं टिकत नाही, डीटीपीए साडेसातच्या आसपास चालतं, ईडीडीएचए त्याहून वरही. ईडीडीएचए पाण्यात गडद लाल होतं आणि फरशीला डाग पडतात, म्हणून कुंडी बाजूला नेऊन घालावं.

खताच्या पाकिटावरचं फुलाचं चित्र विसरा, तीन आकडे वाचा: नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश, याच क्रमाने. ‘फुलांसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या १०-५२-१० सारख्या खतातलं स्फुरद झाडाच्या गरजेच्या कितीतरी पट असतं. ते कुंडीत साठतं आणि लोह, जस्त मुळांना मिळू देत नाही. झाड फुलतं ते ऊन, पुरेसं पालाश आणि बेताचं नत्र यांवर. बहुतेक झाडांना ३-१-२ च्या आसपासचं प्रमाण पुरतं. जास्वंदीला स्फुरद आणखी कमी आणि पालाश जास्त, १७-५-२४ सारखं. १९-१९-१९ हाताशी असेल तर वापरा, पण वर्षानुवर्षं तेवढंच नको.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. लिटर पाण्यात १ ग्रॅम १९-१९-१९ म्हणजे १९० मिलिग्रॅम नत्र. भरभरून वाढणाऱ्या झाडाला आठवड्यातून एकदा एवढं पुरतं. अँथुरियम आणि ऑर्किडना पाव ग्रॅम. दर पाण्याला खत देत असाल तर जास्वंदीलाही अर्ध्या ग्रॅमहून कमी. हळू सुटणारे दाणे वापरायचे तर लिटर मिश्रणाला ३ ते ४ ग्रॅम घालावेत आणि मग विद्राव्य खत निम्मं करावं. दाण्यांवर लिहिलेले सहा महिने बहुधा २१ अंश तापमानाला धरलेले असतात. तिशीच्या पुढे ते तीन-चार महिन्यांतच संपतात, म्हणजे आधी जादा मिळतं आणि मग एकदम काहीच नाही.

कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरद किंवा सल्फेट असलेलं खत दाट द्रावणात एकत्र कालवू नका, तळाशी पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाच्या कामाचा नाही. दोन वेगवेगळ्या दिवशी द्या.

पानांची टोकं करपली किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापडी धरली, तर खत थांबवून कुंडीच्या दुप्पट मापाचं साधं पाणी सावकाश वाहू द्यावं. एरवीही महिन्यातून एकदा हे करावं. जुनी पानं शिरांमध्ये पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम कमी आहे: लिटरला १ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, दोनदा, पंधरा दिवसांच्या अंतराने. तेही सवयीने घालत राहिलं तर कॅल्शियम अडतं.

कोरड्या कुंडीत खत घालू नये, आधी साधं पाणी. कुंडी बदलल्यावर तीन-चार आठवडे आणि तापमान १५ अंशांखाली असेपर्यंत खत बंद. ओल्या मातीतही झाड मलूल दिसलं तर खताला हात लावण्याआधी कुंडीतून काढून मुळं पाहावीत. तपकिरी आणि दाबल्यावर साल सुटणारी मुळं असतील तर ती कापून, कोरड्याकडे झुकणाऱ्या नव्या भरड मिश्रणात, पहिल्याहून मोठ्या नव्हे तर लहान कुंडीत झाड लावावं.